मापात बसेल तेवढं

आमच्या भागात जुनी माणसं घर बांधताना माणसं किती हे नंतर मोजत, पोती किती हे आधी मोजत. मंगळवेढ्याची काळी रानं. पाऊस नेमावर झाला तर ज्वारी एवढी व्हायची की ठेवायला जागा पुरायची नाही, आणि नाही झाला तर कणगीचा तळ झाडून घ्यायची पाळी यायची. आमच्या माळवदाच्या घरात तुराट्याच्या दोन कणग्या होत्या आणि दारासमोर एक पेव होतं. कणगीत वर्षाचं खाणं, पेवात दुष्काळाची बेगमी, आणि गाडग्यात राख मिसळून ठेवलेलं बियाणं. कशाची जागा कुठं आणि माप किती, हे ठरलेलं असायचं. आबा म्हणायचे, "जागा कमी असली की माणूस नीट निवडतो." धान्यापुरतं ते मला पटायचं. पुढं एका जुन्या कॉम्प्युटरवर गेम बसवताना ते पुन्हा पटलं. हे आबांना सांगितलं असतं तर ते पोट धरून हसले असते.

तो कॉम्प्युटर माझ्या थोरल्या भावाचा, दादाचा. १९९६ साली त्यानं तो मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सेकंडहँड आणला. फोर-एटी-सिक्स म्हणायचे त्याला. ६६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, ८ एमबी रॅम आणि २१० एमबीची हार्ड डिस्क. आज मोबाइलवर काढलेल्या हळदीच्या एका व्हिडिओलासुद्धा तेवढी जागा पुरत नाही, पण तेव्हा दुकानदार दादाला म्हणाला होता, "एवढी डिस्क तुम्हाला जन्मात भरायची नाही." मॉनिटर वाकळेत गुंडाळून, मांडीवर घेऊन दादा रेल्वेनं कुर्डुवाडीला उतरला आणि तिथनं एसटीनं मंगळवेढ्याला आला. मी सायकल घेऊन स्टँडवर गेलो होतो. कॅरेजवर सीपीयू बांधला, हँडलला कीबोर्ड अडकवला. मॉनिटरला मात्र दादानं मला हात लावू दिला नाही. तो त्यानं स्वतः पोटाशी धरून आणला.

मंगळवेढ्यात एक गाळा भाड्यानं घेऊन त्यानं क्लास काढला. डॉस, वर्डस्टार, लोटस आणि टायपिंग. एका मशीनवर पाळीपाळीनं पोरं बसायची, एकाला अर्धा तास. पुढं आणखी दोन मशीन आली, पण पहिलं ते पहिलं. चपला बाहेर काढायच्या, हात पुसून बसायचं, उठताना कव्हर घालायचं. शनिवारचा शेवटचा अर्धा तास गेमचा. डेव्ह, डिगर, पॅराट्रूपर आणि ज्यानं टायपिंगचा धडा न चुकता पुरा केला त्याला प्रिन्स ऑफ पर्शिया. प्रिन्स सुरू करताना त्याच्या नावापुढं 'मेगाहिट' असं टाइप केलं की त्यात चोरवाटा उघडतात, हे एका पोराला कुठूनसं कळलं. दादानं त्याला रागावलं नाही. म्हणाला, "स्पेलिंग चुकलं न्हाई पाहिजे, मग खेळ." वाडीवस्तीवरची पोरं शनिवारच्या त्या अर्ध्या तासासाठी आठवडाभर पायपीट करायची. त्यात मुलीही होत्या. त्यांच्या घरच्यांना गेमचं कधीच कळलं नाही.

२००१ नंतर दिवस फिरले. सरकारमान्य सर्टिफिकेटाचे कोर्स आले, त्यांना विंडोजची नवी मशीन लागायची. दादाकडं तेवढं भांडवल नव्हतं. २००३ च्या दुष्काळात आबांनी दोन म्हशी विकल्या आणि दादानं दोन मशीन विकून गाळा सोडला. पहिल्या मशीनला गिऱ्हाईकच मिळालं नाही. ते पोत्यात बांधून घरी आलं आणि न्हाणीवरच्या पोटमाळ्यावर गेलं. गावात बोलायला माणसं कमी नसतात. "पोरांना गेम खेळवून बापाचा पैसा घालवला," असं पारावर म्हटलं जायचं आणि ते वाऱ्याबरोबर घरी यायचं. दादा रानात उतरला. डाळिंब लावलं, शेततळं केलं, उभा राहिला. पण क्लासचा विषय घरात काढायचा नाही, असं न बोलताच ठरून गेलं. ते पोतं १९ वर्षं माळ्यावर होतं.

२०२२ च्या दिवाळीत पुतण्या सोलापूरहून सुट्टीला आला. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता. दिवाळीची झाडलोट करताना त्याला ते पोतं सापडलं. तो ते घेऊन थेट माझ्या दुकानात आला. माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. घरात काही बिघडलं की माझ्याकडंच येतं.

"काका, चालू करून बघू की. ह्याच्यावर जुन्या गेम खेळायच्या."

"थांब," म्हटलं. "पेव उघडल्या उघडल्या आत उतरत न्हाईत."

त्यानं पेव बघितलेलं नव्हतं, म्हणून त्याला सांगावं लागलं. बरीच वर्षं बंद राहिलेल्या पेवात वाईट हवा साठलेली असते. झाकण काढून आधी हवा खेळू देतात, मग कंदील दोरीनं खाली सोडतात. कंदील विझला तर माणूसही विझणार. जुन्या मशीनचंही तसंच. एकदम बटण दाबलं तर आतला एखादा सडका कपॅसिटर फुटतो आणि होतं नव्हतं ते सगळं जातं.

उघडून बघितलं. फ्लॉपीच्या फटीत कुंभारमाशीनं मातीचं घर केलं होतं. पॉवर सप्लायच्या पंख्यात झुरळांची अंडी. हे ब्रशनं निघालं. खरी काळजी बॅटरीची होती. त्या काळच्या बोर्डावर पिंपासारखी गोल बॅटरी सोल्डर केलेली असायची. ती वर्षानुवर्षं पडून राहिली की तिच्यातनं क्षार पाझरतो आणि तांब्याच्या रेषा खातो. आमचीही पाझरली होती. कीबोर्डच्या सॉकेटपर्यंत हिरवट बुरा चढला होता. बॅटरी उपटून काढली. तो बुरा अल्कलीचा, म्हणून त्याला आंबट लागतं. कापसाचा बोळा व्हिनेगरमध्ये बुडवून पुसलं, मग स्पिरिटनं, मग दोन दिवस सावलीत वाळवलं. एक रेष तुटलेली सापडली, तिला रिवायंडिंगच्या तांब्याच्या तारेचा केस जोडला. पॉवर सप्लाय बोर्डाला न जोडता आधी वेगळा तपासला. मल्टिमीटरवर ५ व्होल्ट आणि १२ व्होल्ट स्थिर दिसले, मगच जोडला. नव्या बॅटरीच्या जागी तीन सेलचा डबा वायरीनं लावला.

बटण दाबलं. एक बारीक 'टिक' आणि पडद्यावर रॅम मोजायला लागली. पुतण्या ओरडला. मी मात्र हार्ड डिस्ककडं कान देऊन होतो. ती फिरली, एकदा कण्हली आणि 'टक्, टक्, टक्' करत थांबली.

पुढचे चार दिवस त्या आवाजातच गेले. असं लक्षात आलं की पहाटेच्या गारठ्यात डिस्क वीसेक मिनिटं चालते. गरम झाली की टकटक सुरू. म्हणजे वीस मिनिटांत जेवढं उचलता येईल तेवढं उचलायचं आणि उरलेलं दुसऱ्या दिवशीच्या पहाटेवर सोडायचं. पण उचलून ठेवायचं कुठं? पुतण्यानं ऑनलाइन दोन वस्तू मागवल्या: कॅमेऱ्यात असायचं तसलं कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड, ४ जीबीचं, आणि ते हार्ड डिस्कच्या केबलला जोडायचा अडॅप्टर. ही कार्डं मुळातच हार्ड डिस्कच्या भाषेत बोलतात, त्यामुळं जुन्या मशीनला ती डिस्कच वाटतात. त्यांना फिरणारा भाग नाही, आवाज नाही, पहाटेची वाट बघायला नको.

पण ४ जीबीचं कार्ड आमच्या मशीननं घेतलं नाही. त्याच्यासमोर थिजून उभं राहिलं. जुन्या बायोसची एक मर्यादा असते. १०२४ सिलिंडर, १६ हेड, ६३ सेक्टर आणि दर सेक्टरला ५१२ बाइट. गुणाकार केला की ५०४ एमबी होतात. त्यापुढचं तिला मोजता येत नाही. काही मशीन मोठ्या कार्डाचा मोजता येईल तेवढाच भाग वापरतात, आमचं तेवढंही करायला तयार नव्हतं. शेवटी मंगळवेढ्यातल्या एका फोटोग्राफरकडं गेलो. त्याच्या पहिल्या डिजिटल कॅमेऱ्याचं कार्ड ड्रॉवरमध्ये पडून होतं. १२८ एमबी. पैसे घेतले नाहीत, म्हणाला, "ह्याच्यावर दोन लग्नं मावत न्हाईत, घेऊन जावा." ते लावलं आणि मशीननं ते पहिल्याच झटक्यात ओळखलं.

तर असं हे आमचं पेव, १२८ एमबीचं. फॉरमॅट करून हातात आले १२० च्या आसपास. त्यातले ६ डॉसला गेले.

पुतण्यानं वहीत यादी केली. ड्यूक नुकेम ३०, डूम टू १५, शिवाय वॉरक्राफ्ट, क्वेक आणि आणखी कायकाय. बेरीज २०० च्या वर गेली. मी म्हटलं, घरात किती पोती बसतात हे बघायच्या आधी बाजार करून आलास. तो लॅपटॉपवरनं एकेक टाकून बघायला लागला. ड्यूक नुकेम चालला, पण चिखलात रुतलेल्या बैलासारखा. क्वेकला पेंटियम लागतो. ते आमच्या मशीनला झेपणारं नव्हतं. तेव्हा पहिला नियम असा झाला की जे या मशीनच्या दमानं पळत नाही ते ठेवायचं नाही, भले ते कितीही नावाजलेलं असो. त्यानं यादीतले निम्मे आकडे गळाले. डूमचा फुकट वाटलेला पहिला भाग ४ एमबीचा, तो पळतो, तो राहिला.

दुसरी गोष्ट मापाची. डॉस जागा देतं ती ठरावीक मापानं. जुन्या डिस्कवर ते माप ४ केबीचं होतं, नव्या कार्डावर २ केबीचं. जेवढी डिस्क मोठी तेवढं माप मोठं. पायलीच्या मापात मूठभर मोहरी ओतली तरी हिशेबात पायलीच धरायची, तसं. त्यामुळं बारीक बारीक फाइली जास्त असल्या की जागा नुसती अडते. त्यावर उपाय एकच, त्या सगळ्या एका पोत्यात भरून पोत्याचं तोंड शिवायचं. म्हणजे झिप करायचं.

बारीक फाइली कुठल्या, हे तिसऱ्या पहाटे कळलं. जुन्या डिस्कवर 'क्लास' नावाचा फोल्डर होता. आत पोरांच्या नावानं फाइली. दादा प्रत्येकाला पहिल्या दिवशी एक पत्र टाइप करायला लावायचा: स्वतःचं नाव, गाव, आणि पुढं काय व्हायचंय ते एका ओळीत. तोडकंमोडकं इंग्रजी, कुठं इंग्रजी अक्षरात मराठी. दर फाइल तीनशे-साडेतीनशे अक्षरांची. अशा १३१२ फाइली. पुतण्या मोजत होता आणि मी डिस्कला हात लावून किती तापलीय ते बघत होतो.

"काका, आधी गेम काढू का हे काढू?"

"हे. गेम जगात कुठंबी मिळत्याल."

त्या दिवशी सतराव्या मिनिटाला टकटक सुरू झाली, पण 'क्लास' आलं होतं. १३१२ पत्रं. झिप केल्यावर ती सगळी मिळून अर्ध्या एमबीत बसली.

एवढं सगळं चाललं तरी दादा दुकानाकडं फिरकला नव्हता. जेवताना पुतण्या काहीबाही सांगायचा, दादा भाकरी मोडत ऐकायचा आणि रानातलं बोलायचा. वहिनी मला हळूच म्हणाल्या, "भावजी, काढताय ते काढा, पर त्येंच्यासमोर नगा."

मग एका रात्री माझी पोरगी प्रिन्स खेळत होती. तिला बारा वर्षं. प्रिन्स ऑफ पर्शिया एका फ्लॉपीत मावतो, तरी त्याच्यात राजवाडा आहे, तळघरं आहेत, सुळे आहेत, तलवारबाजी आहे आणि साठ मिनिटांची मुदत आहे. त्या छोट्या स्पीकरमधनं त्याचं पहिलं सुरावटीचं तुणतुणं वाजलं. आमच्याकडं शेतीची लाईट रात्रीची. दादा मोटार चालू करायला बॅटरी घेऊन निघाला होता. तो दुकानाच्या दारात थांबला. पोरगी तिसऱ्या मजल्यावर पोचली होती.

"कंट्रोल आणि जी दाब," दादा म्हणाला. "सेव्ह होतंय. न्हाईतर लाईट गेली की पहिल्यापासनं."

१९ वर्षांत क्लासबद्दलचं त्याच्या तोंडून आलेलं ते पहिलं वाक्य. पोरीनं दोन्ही कळा दाबल्या. दादा आत आला, उभ्यानंच बघत राहिला आणि मग स्टुलावर बसला. त्या रात्री डाळिंबाला पाणी उशिरा गेलं.

पुतण्यानं त्या गेमबद्दल बरंच वाचलं होतं. त्यानं सांगायला सुरुवात केली. जॉर्डन मेक्नर नावाच्या अमेरिकेतल्या तरुणानं १९८९ मध्ये तो ॲपल टू या कॉम्प्युटरसाठी केला. त्यात प्रिन्स पळतो, उडी मारतो, कठड्याला लोंबकळतो ते इतकं खरं वाटतं, कारण मेक्नरनं आपल्या धाकट्या भावाला धावायला आणि उड्या मारायला लावून त्याचा व्हिडिओ काढला आणि एकेक चित्र त्यावरनं उतरवून घेतलं. दादानं माझ्याकडं बघितलं. म्हणाला, "तुला पळवलं असतं तर गेम दमून बसला असता."

पुतण्या पुढं सांगू लागला. त्या मशीनची मेमरी १२८ केबी. आमच्या कार्डाच्या हजाराव्या हिश्श्याएवढी. प्रिन्सच्या हालचालींनीच ती भरून गेली. गेममध्ये अजून एक शत्रू पाहिजे होता, पण नव्या माणसाची चित्रं ठेवायला जागाच उरली नव्हती. तेव्हा त्यानं प्रिन्सचीच चित्रं घेतली आणि पडद्यावर काढताना ती एका खास हिशेबानं उलटसुलट करून दाखवली. त्यातनं एक झगमगती सावली तयार झाली. नवी चित्रं नकोत, नवी जागा नको. तीच ती गेममधली सावली, जी आरशातनं बाहेर येते, प्रिन्सचं औषध आधीच पिऊन टाकते, त्याच्या तोंडावर दार बंद करते. खेळणाऱ्यांच्या सगळ्यात लक्षात राहिलेलं पात्र जागा संपल्यामुळं जन्माला आलं.

"आणि शेवटाला तिच्याशी लढायचं नसतंय," दादा म्हणाला. "तिला वार केला की आपल्यालाच लागतो. तलवार म्यान करायची आणि सरळ तिच्याकडं जायचं. पोरांना हे सांगितलं तरी पटायचं न्हाई. सगळी आधी मारायला जायची."

पुतण्यानं आणखी एक सांगितलं. मेक्नरनं लिहिलेला तो मूळ प्रोग्रॅम हरवला होता. कित्येक वर्षांनी त्याच्या वडिलांना घरातल्या कपाटात जुन्या फ्लॉपींचा खोका सापडला आणि २०१२ साली जाणत्या लोकांनी त्या फ्लॉपी वाचून तो प्रोग्रॅम जगासाठी खुला केला. दादा काही बोलला नाही. थोड्या वेळानं म्हणाला, "फ्लॉपीवर बुरशी येत्येय. त्येंचं नशीब चांगलं."

दुसऱ्या दिवसापासून दादा संध्याकाळी दुकानात यायला लागला आणि कार्डावर काय ठेवायचं याचा कारभार आपोआप त्याच्याकडं गेला. त्याचा हिशेब आमच्यापेक्षा साधा होता. पहिल्यांदा बसणाऱ्या पोराला पाच मिनिटांत कळेल ते ठेवायचं. दोघं जण एकमेकांना शिकवत खेळतील ते ठेवायचं. नुसतं भारी दिसतं म्हणून कुणी एकदा बघून उठणार असेल तर ते नको. डेव्ह राहिला. करंडक घ्यायचा आणि दार गाठायचं, एवढंच. पण दहा टप्पे पार करताना घाम फुटतो. जॉन रोमेरो नावाच्या ज्यानं तो केला, तोच पुढं डूम करणाऱ्यांमध्ये होता, हे पुतण्याला माहीत होतं, दादाला नव्हतं. डिगर आमच्या मशीनवर वाऱ्यासारखा पळायचा, कारण तो ज्या काळचा, त्या काळची मशीन फार सावकाश होती. टर्बोचं बटण काढून बघितलं तरी पळायचाच. मग पुतण्यानं मशीनचा वेग आवळणारा एक छोटा प्रोग्रॅम टाकला, काही केबींचा. तोही मापात बसला. लोटस आणि वर्डस्टार काढू नको, असं दादानं बजावलं. "गेमच्या आधी धडा. नियम तोच."

एवढं करून झाल्यावर पुतण्यानं 'क्लास'मधली शेवटची एक फाइल उघडली. तिचं नाव होतं 'उधारी'. लोटसचा तक्ता. नाव, गाव, किती महिने, किती बाकी. खाली बेरीज ४१,६५० रुपये. २००३ चे ४१,६५०. आम्ही तिघं ते बघत बसलो. त्या वर्षी दोन म्हशी गेल्या त्याचे आले होते त्यापेक्षा हे जास्त होते. मला एकेक नाव ओळखता येत होतं. कुणी पुण्यात कंपनीत आहे, कुणी बँकेत, एक बाई झेडपीच्या शाळेत मुख्याध्यापिका आहे, एक जण एसटीत कंडक्टर. पारावर बोलणाऱ्यांच्या दोन पोरांची नावं तर पहिल्याच पानावर होती.

पुतण्या म्हणाला, "पप्पा, ही प्रिंट काढून पारावर लावू या."

दादानं कीबोर्ड आपल्याकडं ओढला. "ही कशाला ठिवायची? जागा अडत्येय."

फाइल ३८ केबीची होती. कार्डावर तेव्हा १० एमबी मोकळे होते. पुतण्याला ते ठाऊक होतं, मलाही, आणि दादाला आमच्यापेक्षा जास्त. दोघंही गप्प बसलो. दादानं लोटस बंद केलं, डॉसवर आला, डेल टाइप केलं, पुढं फाइलचं नाव, आणि एंटर. डॉस अशा वेळी काही विचारत नाही. "खरंच का?" म्हणत नाही. पुढची ओळ येते, झालं.

पुतण्याच्या पोटात राहिलं नाही. "पप्पा, ते गेलेलं नसतंय बरं का. नुसतं नाव पुसलं जातं. अनडिलीट मारलं की परत येतंय."

"म्हाईत हाय," दादा म्हणाला. "त्याच्या जागेवर दुसरं कायतरी बसव. पॅराट्रूपर बसव. तो राहिलाय न्हवं?"

पॅराट्रूपर बसला. त्या जागेवर नेमका बसला की शेजारी, हे डॉसलाच माहीत. पण पुतण्यानं पुन्हा अनडिलीट चालवून बघितलं नाही. जुनी डिस्क त्याच आठवड्यात कायमची बंद पडली.

नावांची १३१२ पत्रं मात्र दादानं ठेवली. एवढंच नाही, झिपचं ते पोतं त्यानं दोनदा ठेवलं, दोन वेगळ्या फोल्डरमध्ये, आणि तिसरी प्रत पुतण्याच्या लॅपटॉपवर टाकायला लावली. मी म्हटलं, "आता जागा अडत न्हाई व्हय?" तर म्हणाला, "बियाणं एका गाडग्यात ठेवत्यात का कुणी?"

दिवाळी संपता संपता बातमी गावात पसरली की दादाचं मशीन चालू झालंय. भाऊबिजेला तो कंडक्टर बहिणीकडं आला होता, तो आपल्या पोराला घेऊन दुकानात आला. चपला त्यानं बाहेर काढल्या. कुणी सांगितलं नव्हतं. पोराला म्हणाला, "सरांच्या पाया पड." मग स्वतःच बसला आणि डेव्हचे चार टप्पे एका दमात खेळला, बोटांना सगळं आठवत होतं. दादानं त्याचं पत्र शोधून पडद्यावर दाखवलं. पुढं काय व्हायचंय, त्याच्यापुढं त्यानं लिहिलं होतं: 'ड्रायव्हर'. तो हसला, "एक सीट चुकली, सर." त्याच्या नावावर ४५० रुपये होते. मला माहीत होते, दादालाही. दादानं चहा सांगितला, जाताना पोराच्या हातावर पन्नास रुपये ठेवले आणि त्याला शनिवारी यायला सांगितलं.

आता शनिवारी संध्याकाळी दुकानात आठ-दहा पोरं असतात. प्रत्येकाच्या घरी मोबाइल आहे आणि त्यात शेकड्यानं गेम आहेत. तरी इथं येतात, कारण इथं पाळी येते आणि पाळी आली की बाकीचे मागं उभं राहून ओरडतात. आधी अर्धं पान टायपिंग, मग गेम. नवा गेम आणायचा असेल तर एक जुना काढायचा, आणि कुठला काढायचा ते सगळ्यांनी मिळून ठरवायचं, हा नियम पोरांनीच केला. कार्डावर आत्ता ३ एमबी शिल्लक आहेत. त्यात काय बसवायचं यावरून गेले दोन महिने त्यांची भांडणं चालू आहेत आणि दादा ती मिटवायला अजिबात घाई करत नाही.